मीटर स्मार्ट झाला, छताचे काय?

देवरी (जि. गोंदिया) : इमारतींमुळे होणारे कार्बन उत्सर्जन हा महानगरांतील काचेच्या मनोऱ्यांपुरता विषय समजला जातो. मुंबई-कोलकाता महामार्गावरील देवरीचा त्याच्याशी संबंध काय, असे कोणीही विचारील. उत्तर याच जिल्ह्यात आहे. तिरोडा येथे ६६० मेगावॉटचे पाच संच कोळशावर चालतात. अशा केंद्रात एक युनिट वीज तयार होताना सुमारे एक किलो कर्बवायू हवेत जातो. देवरीतील घरात वा कचेरीत वाया गेलेल्या विजेचा धूर असा दुसरीकडेच निघतो.

ही उधळपट्टी पकडण्याचे साधन म्हणजे स्मार्ट मीटर. जुना मीटर महिन्याचा एकच आकडा देई. नवा दर पंधरा-तीस मिनिटांचा वापर नोंदवितो. कचेरीला कुलूप लागल्यानंतरही वीज खर्च होत असेल, तर ती दडत नाही.

पण लोकांच्या मनात हा मीटर वसुलीचे यंत्र म्हणूनच ठसला. २०२४ मध्ये प्रीपेड मीटरविरुद्ध असंतोष उसळला आणि जूनमध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना ते सामान्य ग्राहकांकडे बसविणार नसल्याचे जाहीर करावे लागले. पुढे ‘टीओडी’ या नावाने पोस्टपेड मीटर आले. १ जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैसे ते एक रुपया सवलत लागू झाली. दिवसा सौरवीज मुबलक असते, हे त्यामागचे गणित.

पाण्याचा पंप वा इस्त्री दुपारी चालविता येईल. वैदर्भीय उन्हाळ्यात रात्रभर लागणारा कूलर दुपारवर कसा ढकलणार? कवेलूंच्या जागी स्लॅब आला. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री घरात उष्णता सोडतो. तेथे मीटरची मात्रा चालत नाही, छताला पांढरा चुना तरी लावावा लागतो. २०२२ च्या ऊर्जासंवर्धन कायदा दुरुस्तीत इमारत संहितेसाठी १०० किलोवॉट जोडभाराची मर्यादा आहे. साधी घरे आणि लहान शाळा त्या कक्षेत येतच नाहीत.

मीटरचा खरा उपयोग शासकीय इमारतींत आहे. वसतिगृहात बटन दाबणारा एक, बिल भरणारा दुसरा. अशा ठिकाणी मीटरची नोंद पाहणार कोण, हे आधी ठरवावे लागेल. उन्हाळी सुटीत वसतिगृह रिकामे असताना रात्रीच्या नोंदी काढल्या, तरी विसरलेले दिवे आणि विनाकारण चालणारे पंप उघडे पडतील. त्यासाठी नवे अनुदान नको; एका कर्मचाऱ्याकडे हे काम लेखी सोपविले तरी पुरे.