कडब्याला क्रूड फायबरचं माप नको

मंचर-नारायणगाव पट्ट्यात गाईचं दूध ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर जोखलं जातं. खाली घसरलं की दरात कपात. पण ते फॅट ज्या वैरणीतून येतं, तिचं मोजमाप ढिलं का? पशुखाद्याच्या पोत्यावर आजही ‘क्रूड फायबर’ छापतात. भारतीय मानकानुसार पहिल्या प्रकारच्या खाद्यात ते जास्तीत जास्त १० टक्के, दुसऱ्यात १२. खुराकापुरता हा आकडा चालून जाईल. कडबा, वाढे, हत्तीगवत यांना तो लावणं चूक आहे.

दोष पद्धतीतच आहे. जर्मनीतल्या वेंडे इथं हेन्नेबर्ग आणि स्टोमान यांनी १८६० च्या दशकात ती बसवली. नमुना सव्वा टक्का गंधकाम्लात अर्धा तास उकळायचा, मग तेवढ्याच तीव्रतेच्या कॉस्टिक सोड्यात अर्धा तास. उरलेल्यातून राख वजा करायची. या उकळ्यांत हेमिसेल्युलोज बरंचसं विरघळतं आणि सोड्यात लिग्निनचाही काही भाग निघून जातो. लिग्निन म्हणजे धाट निबर करणारा, गाईला न पचणारा घटक. तो निसटला की हिशेबात त्याची भर सहज पचणाऱ्या पदार्थांत पडते, आणि निबर कडबा कागदावर चांगला ठरतो.

अमेरिकेत पीटर व्हॅन सोस्ट यांनी १९६० च्या दशकात डिटर्जंटची पद्धत आणली. उदासीन डिटर्जंटमध्ये उकळून उरतं ते एनडीएफ, म्हणजे हेमिसेल्युलोजसह पेशीभित्तिका. आम्लयुक्त डिटर्जंटमध्ये हेमिसेल्युलोज जातं, उरतं एडीएफ. गाय किती खाईल याचा अंदाज पहिल्यावरून येतो, त्यातलं किती पचेल याचा दुसऱ्यावरून. ज्वारीच्या कडब्याचं क्रूड फायबर तिशीच्या घरात दिसतं, तर एनडीएफ सत्तरीच्या आसपास जातं. दावणीला उपयोग कोणत्या आकड्याचा, हे उघड आहे.

एनडीएफही डोळे झाकून घेऊ नये. मक्याच्या मुरघासात स्टार्च भरपूर असतो. तपासताना अमायलेज घातलं नाही, तर तो गाळणीवर अडकतो आणि आकडा फुगतो. भीमाशंकर आणि विघ्नहर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की वाढे मुबलक मिळतात, पण त्यांना माती लागलेली असेल आणि राख वजा केली नसेल, तर मातीही तंतूंत मोजली जाते. म्हणून दोन प्रयोगशाळांचे अहवाल शेजारी ठेवण्याआधी या दोन गोष्टी विचाराव्यात.

आणखी एक गोष्ट कोणत्याच अहवालात नसते: कुट्टीची लांबी. प्रयोगशाळेत नमुना सहसा एक मिलिमीटरच्या चाळणीतून दळून घेतात. मुरघास फार बारीक कापलेला असेल, तर एनडीएफ पुरेसं दिसूनही रवंथ कमी होतो आणि फॅट उतरतं. त्यासाठी मूठभर मुरघास हातावर पसरून पाहावा लागतो.

फॅटवर पैसे कापणाऱ्या संकलन केंद्रांनीच एनडीएफ तपासणीची सोय करावी, अशी माझी मागणी आहे. मुरघास विकणाऱ्यांनीही प्रत्येक लॉटसोबत एनडीएफ, एडीएफ आणि तपासणीची पद्धत लिहून द्यावी.