विश्लेषण : क्रूझवर घरचा फराळ आणि पाणी न्यावे का?

भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बंदरांकडे आणि पणजीला आगबोटी सुटत, तेव्हा चाकरमान्याच्या सामानात शिदोरी आणि फिरकीचा तांब्या हमखास असे. आता मुंबईच्या बॅलार्ड पियरवरून गोवा, लक्षद्वीपकडे वातानुकूलित क्रूझ निघतात. सिंगापूर, दुबई किंवा अमेरिकेत जाऊन क्रूझ करणारी मराठी कुटुंबेही वाढली आहेत. शिदोरीची सवय मात्र सुटलेली नाही. चिवडा, दशम्या, लोणचे आणि पाण्याच्या बाटल्यांचा खोका घेऊन बंदरावर पोहोचलेल्या प्रवाशाला क्ष-किरण तपासणीच्या यंत्रापाशी यातले बरेचसे बाहेर काढावे लागते. क्रूझवर नेमके काय नेता येते, काय नेऊ नये आणि जहाजावरचे पाणी खरेच पिण्याजोगे असते का?

घरचे पदार्थ का अडवले जातात?

बहुतेक मोठ्या क्रूझ कंपन्यांचा नियम सारखाच आहे. कारखान्यातून सीलबंद आलेला, न नासणारा सुका खाऊ थोड्या प्रमाणात चालतो. घरी शिजवलेले, कच्चे किंवा नासणारे पदार्थ चालत नाहीत. म्हणजे दुकानातून आणलेले खाकऱ्याचे किंवा भाकरवडीचे न फोडलेले पाकीट सहसा अडत नाही. स्टीलच्या डब्यातील पुरणपोळी अडते.

हा नियम केवळ कमाईसाठी केलेला नाही. दोन-तीन हजार माणसे काही दिवस एकाच छताखाली जेवतात. तिथे एका केबिनमध्ये नासलेल्या अन्नाचा त्रास इतरांपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. शिवाय कोणी आजारी पडले तर ते जहाजाच्या स्वयंपाकघरामुळे की डब्यातल्या भाजीमुळे, हे शोधणे अवघड होते.

इलेक्ट्रिक किटली, शेगडी, राइस कुकर यांवरही बंदी असते. समुद्रात आग लागली तर अग्निशमन दल बाहेरून येत नाही, ती जहाजावरच्या माणसांनाच विझवावी लागते. त्यामुळे ‘केबिनमध्ये मॅगी करू’ हा बेत घरीच सोडून द्यावा.

पाण्याच्या बाटल्यांवर बंदी कशासाठी?

कार्निव्हल आणि नॉर्वेजियन या दोन मोठ्या कंपन्यांनी जुलै २०१५ मध्ये प्रवाशांनी बाटलीबंद पाणी आणण्यावर बंदी घातली. पाण्याच्या बाटलीतून मद्य लपवून नेले जात होते आणि प्रत्येक बाटली तपासताना रांगा लांबत होत्या, हे त्यामागचे कारण होते. कार्निव्हल शीतपेयाचे ठरावीक कॅन आणू देते, बाटल्या नाही. रॉयल कॅरेबियनच्या नियमांत पहिल्या दिवशी एका केबिनमागे मद्यविरहित पेयांच्या १२ लहान बाटल्या किंवा कॅनची मुभा आहे. नियम कंपनीगणिक वेगळे असतात आणि बदलतातही. म्हणून तिकिटासोबतच्या अटी निघण्यापूर्वी वाचणे, हाच खात्रीचा मार्ग.

पाण्याची आणखी एक बाजू आहे. प्लास्टिक समुद्रात टाकण्यास ‘मारपोल’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टाने पूर्ण बंदी आहे. जहाजावर जमणारी प्रत्येक रिकामी बाटली साठवून, दाबून बंदरात उतरवावी लागते किंवा जहाजावरील भट्टीत जाळावी लागते.

नळाचे पाणी प्यावे का?

अनेकांचा खरा अविश्वास इथे असतो. ‘समुद्राचेच पाणी गाळून देत असतील’ अशी शंका येते आणि ती अर्धी खरीच आहे. आधुनिक क्रूझ जहाजे समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी तयार करतात. एका पद्धतीत इंजिनाच्या उष्णतेने पाण्याची वाफ करून ती पुन्हा थंड करतात. दुसरीत अतिशय दाबाने पाणी बारीक पडद्यातून ढकलून क्षार वेगळे काढतात. घरातल्या आरओ यंत्राचे तत्त्व तेच. बंदरातले पाणी प्रदूषित असल्याने तिथे पिण्याचे पाणी तयार करत नाहीत, ते खोल समुद्रात तयार होते किंवा बंदरातून भरून घेतले जाते.

त्यानंतर पाण्यात क्लोरीन मिसळले जाते. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या परदेशी मार्गांवरील जहाजांची तपासणी तेथील रोग नियंत्रण आणि प्रतिबंध केंद्र (सीडीसी) करते. त्याच्या निकषानुसार पाणी भरताना किंवा तयार होताना लिटरमागे किमान २ मिलिग्रॅम आणि नळापर्यंत पोहोचल्यावर ०.२ ते ५ मिलिग्रॅम क्लोरीन असावे लागते. तपासणी १०० गुणांची असते; ८५ किंवा त्याहून कमी गुण मिळाले की जहाज नापास. हे निकाल कोणालाही संकेतस्थळावर पाहता येतात. जागतिक नियमांनुसार प्रत्येक आंतरराष्ट्रीय जहाजाकडे सहा महिने मुदतीचे स्वच्छता प्रमाणपत्रही लागते.

त्यामुळे चांगल्या देखभालीच्या जहाजावरील पाणी पिण्याजोगे असते. चव थोडी वेगळी लागते, कारण त्यात क्षार कमी आणि क्लोरीन असते. जेवणाच्या दालनात साधे पाणी सहसा फुकट मिळते. रिकामी बाटली सोबत नेऊन तिथे गाळण यंत्रावरून ती भरून घेणे सोपे आणि स्वस्त.

मग क्रूझवर माणसे आजारी का पडतात?

पोटाच्या साथींमागे बहुतेक वेळा नोरोव्हायरस असतो. तो पाण्याच्या टाकीपेक्षा माणसाच्या हातांवरून, दांड्यांवरून, बुफेतल्या चमच्यावरून जास्त पसरतो. सीडीसीच्या मते अमेरिकेत नोंद होणाऱ्या नोरोव्हायरसच्या एकूण साथींपैकी क्रूझवरच्या साथी फक्त एक टक्का आहेत. त्या चटकन बातमीत येतात, कारण जहाजावर आजाऱ्यांची मोजणी सक्तीची असते. तीन टक्के प्रवासी किंवा कर्मचारी आजारी पडले की सीडीसी ती साथ जाहीर करते.

या विषाणूवर सॅनिटायझरचा प्रभाव कमी पडतो. जेवणाआधी साबणाने हात धुणे हाच खरा उपाय. घरून पाण्याचे दोन खोके नेऊन बुफेत मात्र हात न धुता बसणाऱ्याने पैसे आणि पाठ दोन्ही वाया घालवले, असे म्हणावे लागेल.

कोणी सोबत खाऊ न्यावाच?

काही प्रवाशांसाठी हा प्रश्न चवीचा नसून तब्येतीचा आहे. मधुमेही व्यक्तीजवळ साखर उतरल्यास लगेच खाता येईल असे काही हवे. तान्ह्या बाळाचे सीलबंद दूध-पावडर आणि अन्न नेण्यास कंपन्या हरकत घेत नाहीत. बाळाच्या दुधासाठी किंवा झोपेतील श्वसनाच्या यंत्रासाठी लागणारे सीलबंद शुद्ध पाणीही वैद्यकीय कारण सांगून नेता येते.

यात एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. बंदरावर दिलेली मोठी बॅग केबिनमध्ये कधी कधी संध्याकाळी पोहोचते. औषधे, इन्सुलिन, बाळाचे खाणे आणि दुपारपुरता कोरडा खाऊ म्हणूनच हातातल्या पिशवीत असावा.

जैन जेवण, उपवास, ॲलर्जी यांसाठी डबा नेण्यापेक्षा आरक्षण करतानाच लेखी कळवणे उपयोगी ठरते. परदेशी कंपन्यांना यासाठी साधारण महिना-दीड महिना आधीची सूचना लागते. जहाजावर चढल्यावर पहिल्याच दिवशी मुख्य वेटरला पुन्हा आठवण करून द्यावी.

बंदरावर उतरताना काय?

जहाजावर चाललेला पदार्थ किनाऱ्यावर चालेलच असे नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये फळे, बिया, दुधाचे पदार्थ याबाबत नियम कडक आहेत. न्यूझीलंडमध्ये विसरून खिशात राहिलेल्या सफरचंदासाठीही ४०० डॉलर दंड होऊ शकतो.

मराठी घरांसाठी खसखशीचा धोका मोठा आहे. सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात मोडते. दिवाळीच्या सुट्टीत दुबईहून क्रूझ धरणाऱ्यांनी अनारसे आणि खसखस घातलेला मसाला घरीच ठेवावा. फराळाचा हा एक डबा सहलीचे रूपांतर पोलीस चौकशीत करू शकतो.

जबाबदारी फक्त प्रवाशांची?

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू केले आणि २०२९ पर्यंत क्रूझ प्रवासी दुप्पट करण्याचे लक्ष्य ठेवले. म्हणजे पहिल्यांदाच जहाजावर पाऊल ठेवणारी हजारो कुटुंबे येणार आहेत. त्यांच्यासाठी बंदीची यादी इंग्रजीत, बारीक अक्षरांत, तिकिटाच्या शेवटच्या पानावर असून भागणार नाही. ती मराठी-हिंदीत, पैसे भरण्यापूर्वी दिसायला हवी.

बाहेरचे पाणी बंद करणाऱ्या जहाजाने स्वतःचे पाणी प्रत्येक मजल्यावर आणि उतरण्याच्या दारापाशी फुकट भरून द्यायला हवे. एका हाताने बाटली काढून घ्यायची आणि दुसऱ्या हाताने तीच चढ्या दराने विकायची, याला सुरक्षा म्हणता येणार नाही. पाण्याच्या चाचणीचा ताजा निकाल दर्शनी भागात लावला, तर प्रवाशांची अर्धी शंका तिथेच मिटेल.

तोवर प्रवाशांनी पिशवी हलकी ठेवावी. रिकामी बाटली, औषधे, बाळाचे आणि आजाऱ्याचे सीलबंद खाणे, दुकानातल्या सुक्या खाऊची एक-दोन पाकिटे आणि साबण. बाकी शिदोरी घरी परतल्यावर गोड लागते.