उस्ताद, स्वतःची पाटी लावा!



मागच्या महिन्यात वाळूजला एका कारखान्याच्या गेटवर आमच्या वस्तीतले एक निवृत्त हवालदार भेटले. फौजेत सतरा वर्षे काढली. त्यातली सहा वर्षे नव्या जवानांना हत्यार शिकवणारे 'उस्ताद' होते. आज हातात काठी आणि गाड्यांचे नंबर लिहायचे रजिस्टर. आम्ही म्हणालो, "भाऊ, तुमची विद्या गंजते आहे." ते हसून म्हणाले, "साहेब, बंदूक शिकवायचा कुठे धंदा असतो का?"

असतो. म्हणून आज हा विषय घेतला.

आपल्या समाजाला हत्यार सहज मिळाले नाही. १८९२ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. पहिल्या महायुद्धात दार उघडले आणि पुन्हा बंद झाले. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी तर लष्करी शाळेत शिक्षक होते. एवढ्या कष्टाने मिळालेली विद्या गेटवर उभी राहून संपावी काय?

ऑलिंपिक नेमबाज सुमा शिरूर यांनी २००६ साली पनवेलला स्वतःचा नेमबाजी क्लब सुरू केला. २०२४ साली पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये कांस्यपदक जिंकले. तोही रेल्वेत नोकरी करणारा, शिक्षकाचा मुलगा.

आता कायदा. काडतुसाची बंदूक गच्चीवर किंवा शेतात शिकवता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली बंदूक, काडतुसे, क्लब सगळ्याला परवानगी लागते. आपल्या शहरात त्यासाठी पोलीस आयुक्तांचे कार्यालय आहे. तिथे पाऊल चुकले तर पेन्शनीला आलेल्या माणसाला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतील. म्हणून सुरुवात छर्ऱ्याच्या रायफलीने करावी. २०१६ च्या नियमांनुसार साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. तरीही पोलीस ठाण्याला लेखी कळवावे, पोच घ्यावी. फौजेतला अनुभव मोठा, पण खेळ वेगळा. खेळाच्या प्रशिक्षकाचे प्रमाणपत्रही मिळवावे.

जागा फार लागत नाही. नेम दहा मीटरवरचा, म्हणजे ३३ फूट. चाळीस-पंचेचाळीस फुटांची बंद शेड पुरे. निशाणामागे लोखंडी पत्रा असावा, मागून कोणाची ये-जा नसावी, रायफली कुलपात असाव्यात. छर्रे शिशाचे असतात. मुलांनी हात धुतल्याशिवाय डबा उघडू नये.

आम्ही वाणिज्याचे पदवीधर, तेव्हा हिशेब मांडतोच. समजा वीस मुले, फी महिना ७०० रुपये, जमा १४,०००. भाडे ५,०००, छर्रे-कागद-वीज ३,०००, दुरुस्ती १,०००; खर्च ९,०००. हाती उरले ५,०००. मुले चाळीस झाली तर जमा २८,०००. भाडे तेच, बाकी खर्च दुप्पट, तरी १५,००० उरतात. म्हणून नोकरी लगेच सोडू नका; आधी रविवारी आणि सुटीच्या दिवशी वर्ग घ्या. सगळी ग्रॅच्युइटी ओतू नका. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळात आणि बँकेत मुद्रा कर्जाची चौकशी करा. पण कर्ज फेडायचे असते, हे विसरू नका.

घरातल्या बायकांची भीती आम्हाला कळते. "पोरं बंदूक धरून दादा होतील," असे हवालदारांच्या पत्नीच म्हणाल्या. आम्ही त्यांना सांगितले, वहिनी, एअर रायफलीत दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. श्वास आवरल्याशिवाय तो साधत नाही. रागावलेल्या पोराचा नेम चुकतोच.

शेवटी एक कडू गोष्ट. आपल्याच माणसाने वर्ग काढला की आपण म्हणतो, "घरचाच माणूस, फी कसली?" त्या फुकटेपणाने आपले किती धंदे बसले! मुलगा असो की मुलगी, पाठवा. पण फी मोजून पाठवा.

हवालदारांनी शेड पाहायला सुरुवात केली आहे. पाटी कोण रंगवणार, एवढेच ठरायचे आहे.