नाव पैठणला, मुक्काम संभाजीनगरला: पालिका निवडणुकीतला आपला गैरहजर मतदार

पालिकेची निवडणूक झाली की दुसऱ्या दिवशी एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘लोकांना मतदानाचे काही पडलेच नाही.’ आपले कार्यकर्तेही ते सहज बोलून जातात. पण मतदारयादी हातात घेऊन पैठणच्या एखाद्या वस्तीत दारोदार फिरून बघा. तिथे ‘मुलगा वाळूजला कंपनीत आहे’, ‘पोरगी नागसेनवनात शिकायला आहे’, ‘सून अजून माहेरच्या यादीत आहे’, ‘दोघे तोडीला गेलेत’ अशी उत्तरे मिळतात. यातल्या कोणालाही मतदान नको होते असे नाही. नाव एकीकडे आणि माणूस दुसरीकडे, एवढाच प्रकार. पैठण ते छत्रपती संभाजीनगर हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास, पण मंगळवारी एका मतासाठी पगार कापून कोण येणार?

२ डिसेंबर २०२५ हा मंगळवार होता. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचे मतदान त्या दिवशी झाले, काही ठिकाणचे २० तारखेला ढकलले गेले आणि निकाल २१ डिसेंबरला लागले. राज्यभरात या छोट्या शहरांत साधारण तीनपैकी दोन मतदारांनी मत दिले. पुढे १५ जानेवारी २०२६ ला संभाजीनगरसह २९ महापालिकांचे मतदान झाले, तिथे हे प्रमाण पंचावन्न टक्क्यांच्या आसपास अडकले. छोट्या गावात उमेदवार ओळखीचा असतो, शहरात तो फ्लेक्सवर भेटतो, हे एक कारण आहेच. पण पैठणचा जो तरुण कामासाठी शहरात गेला, तो दोन्ही आकड्यांच्या बाहेर राहतो. पैठणला तो गैरहजर असतो आणि शहराच्या यादीत त्याचे नावच नसते. त्याला उदासीन म्हणणे अन्यायाचे आहे.

आता सवयीचा प्रश्न. पैठण नगरपरिषदेची आधीची निवडणूक २०१६ च्या अखेरीस झाली होती. पाच वर्षांनी मुदत संपली आणि प्रशासक आला. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, न्यायालयातल्या तारखा असे करत जवळपास चार वर्षे गेली. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला, त्यानंतरही मुदतवाढ झालीच. म्हणजे २०१७ साली अठरा वर्षांचा झालेला पैठणकर आपल्या पालिकेसाठी पहिल्यांदा मत द्यायला गेला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. संभाजीनगरची गोष्ट त्याहून वाईट आहे. तिथे २०१५ च्या एप्रिलनंतर थेट जानेवारी २०२६. या मधल्या काळात त्याच तरुणाने लोकसभा आणि विधानसभेला प्रत्येकी दोनदा मत दिले. नगरसेवक नावाचा माणूस त्याने निवडलाच नाही, आणि नळाला अनेक दिवसांआड पाणी येते तेव्हा जाब विचारायला समोर कोणी लोकनियुक्त नव्हतेच. संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने पालिकेची मुदत पाच वर्षांची ठरवली आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण करा असे स्पष्ट लिहिले. ते पाळले गेले नाही. आधी मतपेटी काढून घ्यायची आणि मग मतदार येत नाही म्हणून जनजागृतीच्या रांगोळ्या काढायच्या, हा प्रकार आपण तरी ओळखला पाहिजे. आणि एवढ्या मोठ्या काळात आपल्या किती संघटनांनी ‘पालिकेची निवडणूक घ्या’ म्हणून मोर्चा काढला, हेही स्वतःला विचारायला हवे. आपले मोर्चे मोठ्या प्रश्नांवर निघतात. पालिका म्हणजे गटार-पाणी, ते काय आंदोलनाचे विषय, असे आपल्याला मनातून वाटते.

महाडचा सत्याग्रह आपण याच कारणाने अर्धा शिकलो आहोत. २० मार्च १९२७ ही तारीख वस्तीतल्या लहान मुलालाही पाठ असते. पण चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला होता तो महाडच्या नगरपालिकेने, जानेवारी १९२४ मध्ये. आदल्या वर्षी मुंबई विधिमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला होता, त्याला धरून. तीन वर्षे तो कागदावर राहिला, म्हणून बाबासाहेब तळ्यावर गेले. आणि मग ४ ऑगस्ट १९२७ ला त्याच नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. ही तारीख किती जणांना आठवते? पाणी उघडणारी पालिका आणि बंद करणारीही पालिकाच. तेव्हा मताचा हक्क कर आणि मालमत्तेवर अवलंबून होता, तळ्याची तहान ज्यांना होती त्यांच्यातल्या बहुतेकांना सभासद निवडताच येत नव्हते. म्हणून तर बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे मताधिकाराची अट खाली आणण्याची मागणी केली आणि १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला.

आज मत आहे, राखीव जागाही आहेत. इथे एक गोष्ट तरुणांनी नीट समजून घ्यावी. अनुसूचित जातीसाठी राखीव जागेवर उमेदवार आपला असतो, पण त्याला निवडतो पूर्ण प्रभाग. पुणे करारानंतर वाट्याला आलेली संयुक्त मतदारसंघाची ही पद्धत पालिकेतही तशीच आहे. आपण मत दिले नाही म्हणून राखीव जागा रिकामी राहत नाही. ती भरतेच. वस्तीतले मत जितके कमी, तितका तो सभासद वस्तीचा कमी आणि त्याला उभे करणाऱ्याचा जास्त. लोकसभेला लाखोंच्या मतदारसंघात पाचशे मतांनी बहुधा काही हलत नाही. पैठणची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत चाळीस हजारांच्या आसपास होती. एवढ्या गावाच्या एका प्रभागात पाचशे मते म्हणजे निकाल.

आणि हा सभासद पुढे काय करतो? दलित वस्ती सुधारणेचा निधी कोणत्या गल्लीत जायचा, अभ्यासिकेला खोली मिळते की नाही, स्मशानभूमीची वाट, विहाराशेजारची नाली, विकास आराखड्यात वस्तीवरून रस्ता जातो का, सफाई कामगार कायम की ठेकेदाराचा, लाड-पागे समितीच्या शिफारशीनुसार वारसाला नोकरी मिळते की फाईल फिरत राहते. यातले बरेचसे मुंबईत ठरत नाही. ठरले तरी अंमल इथेच होतो.

तथागतांनी वज्जींच्या ज्या सात गोष्टी सांगितल्या, त्यांतली पहिलीच वारंवार आणि मोठ्या संख्येने एकत्र जमण्याची आहे. शलाका वाटून मत घेण्याची रीत संघात होती, याचा उल्लेख बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात केला आहे. विहारात आपण हे अभिमानाने सांगतो. मग त्याच विहारात वर्षातून एक रविवार मतदारयादीला द्यायला काय हरकत आहे?

कारण खरी निवडणूक यादीतच हरली जाते. पालिकेची यादी वेगळी तयार होत नाही, विधानसभेची यादी एका ठराविक तारखेला घेऊन प्रभागांत फोडली जाते. यावेळी ती तारीख १ जुलै २०२५ होती. ऑक्टोबरमध्ये जागे होऊन नाव नोंदवलेल्याचा उपयोग झाला नाही. प्रारूप यादी लागली की हरकतीला हातावर मोजण्याइतके दिवस मिळतात, आणि गल्लीच्या गल्ली शेजारच्या प्रभागात गेल्याचे त्याच दिवसांत कळले तर कळले. आता वर्षातून चार तारखांना, म्हणजे १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबरला अठरा पूर्ण होणाऱ्यांची नोंद होते. नवीन नावाला नमुना ६, पत्ता बदलायला नमुना ८. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला घरचा पत्ता ठेवायचा की वसतिगृहाचा, हे निवडता येते. वाळूज किंवा चितेगावला कायमचे खोली करून राहणाऱ्याने नाव तिकडे न्यावे, तिथल्या नळाचे पाणी तो पितो. गावचा अभिमान आहे म्हणून नाव पैठणला ठेवायचे असेल, तर मतदानाला यायची तयारी हवी. दोन्हीकडे अर्धे राहण्याने कोणाचेच भले होत नाही.

मतदानानंतरचे काम तर कोणी धरतच नाही. खेड्यात ग्रामसभा आहे, तिथे निदान भांडता येते. शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद २००९ मध्ये कायद्यात आली, पण ती भरलेली पाहिलेला नागरिक शोधावा लागेल. नव्या पालिकेला पहिला अर्ज याच मागणीचा जायला हवा. दुसरा अर्ज माहिती अधिकारात, प्रशासकाच्या काळात दलित वस्ती सुधारणेचा निधी किती आला आणि कोणत्या गल्लीत खर्च झाला, याचा. या अर्जाला लागतात दहा रुपये आणि उत्तराची मुदत आहे तीस दिवस.