जमिनीच्या पोटाचा सातबारा

उन्हाळा तोंडावर आला की आपल्या धुळे जिल्ह्यात बोअरच्या गाड्या गावोगाव फिरू लागतात. पाणाड्या हातात नारळ घेऊन जागा दाखवतो, गाडी लागते, रात्रभर धुरळा उडतो. पाणी लागले तर ठीक. नाही लागले तर शेतकरी ‘नशीब’ म्हणतो आणि पुढच्या बोअरसाठी पुन्हा सावकाराचे दार वाजवतो. आमचे म्हणणे असे की, यात नशिबाचा वाटा आपण समजतो तेवढा मोठा नाही. जमिनीखाली कोणता खडक आहे याचे नकाशे तयार आहेत. ते पाहतो कोण?

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण हे खाते १८५१ पासून हेच काम करते. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा १९७२ च्या दुष्काळात उभी राहिली. निरीक्षण विहिरींची पाणीपातळी ती वर्षातून चार वेळा मोजते. ही सारी माहिती जिल्ह्याच्या कार्यालयात आहे; ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मात्र नाही.

या नकाशातून काय कळते? आपला बराचसा जिल्हा काळ्या दगडाचा. लाव्हारसाचे थर एकावर एक बसलेले. घट्ट पाषाणात पाणी जवळपास नाही. मुरमात, भेगाळ आणि सच्छिद्र थरात ते सापडते. दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा असतो. त्यावर पाणी अडते आणि डोंगराच्या कुशीत झरा फुटतो. उंबर-जांभळाची हिरवाई आणि रानातल्या जनावरांचे उन्हाळी पाणी अशाच जागी असते. वनस्पती व पशुपक्ष्यांचा अभ्यास करणारेही म्हणूनच आधी खडकाचा नकाशा पाहतात. झाडे लावायचे खड्डे घेण्यापूर्वी पंचायतीनेही तो पाहायला काय हरकत आहे?

साक्री भागात काळ्या दगडांच्या भिंतीसारख्या लांबच लांब रांगा दिसतात. भूवैज्ञानिक त्यांना डाईक म्हणतात. अशी भिंत जमिनीखाली पाणी अडवते. मग एका अंगाच्या विहिरीला पाणी आणि दुसऱ्या अंगाची कोरडी, असे होते. पण भिंत भेगाळलेली असेल तर तीच पाणी वाहून नेते. म्हणून नकाशा पाहून जागेवर तपासणीही करावी लागते.

तापीकाठी तर वेगळीच तऱ्हा. तिथे गाळाचा जाड थर आहे आणि त्यातले चिकणमातीचे पट्टे पावसाचे पाणी खाली जाऊ देत नाहीत. शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद व खोल करून साखळी बंधारे बांधले गेले, ते खालची ही रचना ओळखून. पुढे ‘शिरपूर पॅटर्न’चे नाव झाले आणि ठिकठिकाणी यंत्रे लागली. खोली उचलली, खडक कोणी पाहिला नाही. घट्ट पाषाणात खोदलेला नाला म्हणजे नुसता हौद, उन्हात आटणारा. आणि पाण्याचा थर फोडून खोदला तर शेजारच्या विहिरींचेच पाणी नाल्यात उतरते. पैसा सरकारचा गेला, पाणी गावाचे गेले!

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. दोन एकरांचे शेत त्यावर तिळाएवढे. तेव्हा ‘इथेच बोअर घ्या’ असे नकाशा सांगणार नाही. कुठे पैसा घालू नये, हे मात्र तो बऱ्याच वेळा सांगतो. बाकीची माहिती गावातच आहे : कोणत्या विहिरीला किती हातांवर कोणता दगड लागला, कोणती बोअर किती फुटांवर कोरडी गेली. जुन्या विहीर खोदणाऱ्यांना हे तोंडपाठ आहे. ती माणसे गेली की ते ज्ञानही जाईल.

म्हणून सरपंच व पंचायत अधिकाऱ्यांना आमची सूचना आहे. जिल्हा भूजल कार्यालयातून आपल्या पाणलोटाचा नकाशा मागून घ्या आणि तो चावडीवर लावा. गावातल्या प्रत्येक विहिरीची व बोअरची नोंद एका वहीत करा. कोरड्या गेलेल्यांची तर आवर्जून करा. बंधाऱ्याचा किंवा पाझर तलावाचा ठराव ग्रामसभेत येईल तेव्हा आधी विचारा, ‘खाली दगड कोणता?’ उत्तर नसेल तर ठराव पुढे ढकला. भूवैज्ञानिकांनीही कागदावर सही करून न थांबता एकदा शिवारात यावे आणि नकाशा मराठीत समजावून सांगावा.

वरच्या जमिनीचा सातबारा आपण पेटीत जपून ठेवतो. खालच्या जमिनीचाही उतारा आहे; तो काढून आणायचे काम तेवढे बाकी आहे.