दातांचे शिक्षण कोण देणार?

वैद्यकीय व दंतवैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी राज्याच्या कानाकोपऱ्यांतून विद्यार्थी लातूर आणि नांदेड येथे येतात. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द तर घरोघरी पोचला आहे. दोन्ही शहरांत दंत महाविद्यालयेही आहेत. परंतु ज्या विद्येसाठी येथे एवढी धडपड चालते, तिचा साधा लाभ याच जिल्ह्यांतील खेड्यांना किती मिळतो, हे क्वचितच विचारले जाते. खेड्यातील माणूस बहुधा दाढ ठणकू लागल्यावरच दंतवैद्याकडे जातो, आणि जातो तोही ती काढून टाकण्यासाठी.

याचे खापर केवळ दारिद्र्यावर फोडता येणार नाही. दुधाचे दात पडणारच, मग त्यांवर खर्च कशाला, असे सुशिक्षित घरांतही म्हटले जाते. वस्तुतः दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात असतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे पहिली कायमची दाढ उगवते. ती येताना कोणताही दात पडत नसल्याने तीही दुधाचीच समजली जाते. ती किडली तरी दुर्लक्ष होते आणि जन्माची दाढ शाळकरी वयातच गमवावी लागते.

नांदेड जिल्ह्यातील किनवट भागाचे दुखणे आणखी निराळे आहे. तेथील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोत नसेल तरीही १.५ च्या वर जाऊ नये, असे भारतीय मानक सांगते. दात घडण्याच्या वयात याहून अधिक फ्लोराइड पोटात जात राहिले की दातांवर पांढरे वा तपकिरी डाग कायमचे उमटतात. ते ब्रशने जात नाहीत. अशा मुलाला वर्गात ‘दात घासत नाहीस का?’ असे विचारणे म्हणजे पाण्याचा दोष त्याच्या माथी मारणे होय. यावर खरा प्रतिबंध एकच. गावाला निर्दोष पाणी मिळणे.

दाढ किडली म्हणजे ती काढणे हाच उपाय नव्हे. कीड वरवरची असता दाढ भरून घेता येते. नसेपर्यंत पोचली तरी ‘रूट कॅनॉल’ करून व वर टोपी बसवून ती पुष्कळदा राखता येते. त्यास पैसा आणि फेऱ्या अधिक लागतात, हे खरे. काढणे स्वस्त, पण रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलतात आणि पुढे कृत्रिम दाताचा खर्च उभा राहतो. किनवटहून नांदेड शंभर किलोमीटरहून दूर आहे. रोजगार बुडवून आलेल्या मजुराने दाढ काढून घेण्याचेच ठरविले, तर त्याला दोष देता येणार नाही. मात्र तो निर्णय सर्व मार्ग, खर्च व परिणाम समजल्यानंतरचा असावा. ते त्याच्या बोलीत समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग आहे.

२०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांच्या दातांच्या विकारांचाही समावेश आहे. तथापि तपासणीनंतर मूल प्रत्यक्ष उपचारापर्यंत पोचावयाचे, तर शिक्षकाने पालकांशी बोलले पाहिजे आणि दंत महाविद्यालयांनी शाळांशी कायमचा संबंध जोडला पाहिजे. गुणवत्ता यादीत झळकणाऱ्या विद्येने आपल्याच जिल्ह्यातील सहा वर्षांच्या मुलाची दाढ वाचवावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.