प्रॅक्टिकलला एकदा चाललं म्हणजे झालं का?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, आजचा विषय जरा तांत्रिक आहे, पण आपल्याच पोरांचा आहे. गोंदिया जिल्ह्यातली मुलं पॉलिटेक्निकला, इंजिनीअरिंगला जातात, लिनक्सवर सी शिकतात. प्रोग्राम एकदा चालला की जर्नलवर सही! मल्टिथ्रेडेड प्रोग्रामला ही पद्धत लावणं मला साफ चूक वाटतं.

मल्टिथ्रेडेड म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये अनेक कामं एकाच वेळी चालणं. धान खरेदी केंद्र डोळ्यासमोर आणा. रजिस्टर एक, लिहिणारे दोन. दोघांनीही ‘500 पोती’ हा आकडा वाचला. एकाने 20 मिळवून 520 लिहिले, लगेच दुसऱ्याने 30 मिळवून त्यावर 530 लिहिले. खरी पोती 550. बेरीज मात्र कोणाचीच चुकली नाही! आता समजा, एकाने पान फाडून टाकलं आणि दुसरा त्याच पानावर लिहायला गेला. एका थ्रेडने ‘फ्री’ केलेली मेमरी दुसऱ्याने वापरली की असंच होतं, आणि प्रोग्राम कोसळू शकतो. त्यातही तो दरवेळी कोसळत नाही. दहादा नीट चालतो, अकराव्यांदा ‘सेगमेंटेशन फॉल्ट’.

मग मूल काय करतं? जागोजागी ‘प्रिंटएफ’ टाकतं. त्याने थ्रेडची वेळ मागेपुढे होते आणि चूक लपून बसते. ‘सर, झालं दुरुस्त!’ कसलं दुरुस्त?

यापेक्षा पंचनामा करायला शिकवा. जीसीसीला ‘-जी’ देऊन कंपाइल करायचं. आधी ‘यूलिमिट -सी अनलिमिटेड’ दिलं की कोसळताना कोअर फाइल मागे राहू शकते. ती जीडीबीत उघडून ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी’ म्हटलं की प्रत्येक थ्रेड त्या क्षणी कुठे होता ते दिसतं. फक्त पडलेल्या थ्रेडकडे बघून चालत नाही, कारण पान फाडणारा बहुतेक वेळा दुसराच असतो, आणि कधी तो केव्हाच पुढे निघून गेलेला असतो. अशा वेळी ‘-एफसॅनिटाइझ=थ्रेड’ किंवा व्हॅलग्रिंडमधलं हेलग्रिंड कामी येतं. प्रोग्राम न कोसळताही ते भांडण दाखवू शकतं. मग म्युटेक्स लावायचा, म्हणजे रजिस्टरला पेन एकच ठेवायचं.

हे फक्त मार्कांपुरतं नाही हो. थेरॅक-25 या किरणोपचार यंत्राने 1985 ते 1987 दरम्यान सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले, काही दगावले. त्याचं सॉफ्टवेअर सीमध्ये नव्हतं, पण त्यातली एक चूक याच जातीची होती. ऑपरेटरने माहिती भराभर दुरुस्त केली तरच ती उठायची. कंपनीला ती चूक पुन्हा घडवता येईना. टेक्सासमधल्या रुग्णालयातल्या भौतिकतज्ज्ञाने ऑपरेटरला सोबत घेऊन तेच टायपिंग पुन्हापुन्हा केलं, तेव्हा सापडली.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रॅक्टिकलला प्रोग्राम शंभरदा चालवायला लावा. शेलमधला एका ओळीचा लूप पुरतो. निम्मे मार्क दोष कसा शोधला याच्या नोंदीला द्या, दोष सापडला नसला तरी. सी आणि लिनक्सचा पाया कच्चा असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहेत, फुकट आहेत. आणि पालकहो, पोरगं रात्री ‘अजून सापडलं नाही’ म्हणालं, तर ‘बाकीच्यांचं झालं ना?’ असं विचारू नका. बाकीच्यांनी कदाचित एकदाच चालवून पाहिलं असेल.